पायताणाला वकील हवा

कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या पावसाळ्यात मी तासभर बसलो होतो. समोर सत्तरीचे एक कारागीर. मांडीखाली तळ दाबून धरलेला, शेजारी रापी आणि आरी, भिजवलेल्या चामड्याचा वास सगळीकडे भरलेला, आणि त्यांच्या बोटांतून चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी सरसर पुढे सरकत होती. बाहेर पाऊस, आत विषय एकच: इटलीतल्या प्राडा या फॅशन कंपनीनं आपली कोल्हापुरी चप्पल उचलली. मी म्हटलं, "मामा, एक वाचून दाखवतो." जगभरच्या कस्टम्सकडे मालाची एक यादी असते, प्रत्येक मालाला आकडा असतो. त्यात ६४०३.२० या आकड्यापुढे जे लिहिलं आहे ते मी मराठीत सांगितलं: चामड्याचा तळ असलेलं, पावलाच्या वरून आणि पायाच्या अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे असलेलं पादत्राण.

त्यांचा हात थांबला. "हे आमचंच की!" मग जरा वेळानं म्हणाले, "मग नाव का न्हाई लिवलं?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. हा लेख त्या उत्तरासाठी आहे.

ही यादी १९८८ पासून लागू आहे आणि जगाचा जवळपास सगळा व्यापार तिच्यावर चालतो. अंगठ्याभोवतीच्या पट्ट्याला त्या यादीत स्वतंत्र जागा आहे, म्हणजे कधीतरी, कुठल्यातरी टेबलावर या प्रकारच्या चपलेवर बोलणं झालं असणार. अशा टेबलांवर कोण बसतं, त्याला काय माहीत असतं आणि तो तिथं किती वर्षं टिकतो, यावर इथल्या शेडमधल्या माणसाची कमाई ठरते. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: निर्यात वाढवणं आणि परदेशांशी व्यापाराच्या वाटाघाटी करणं हे आयुष्यभर करायचं काम आहे. ते बदलीच्या तीन वर्षांत उरकता येत नाही. आणि हे काम करणाऱ्या माणसाचं निम्मं शिक्षण दिल्लीत झालं तर उरलेलं निम्मं कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली अशा ठिकाणी व्हायला हवं.

आपल्या भाषेला ही गोष्ट फार पूर्वीपासून कळलेली आहे. परक्या दरबारात आपली बाजू मांडणाऱ्याला मराठेशाहीत वकील म्हणत, म्हणून परदेशातल्या कचेरीला आजही वकिलात म्हणतात. पुढे वाणिज्यदूत हा शब्द आला, त्यात तर व्यापार पहिल्या अक्षरापासून आहे. तरीही वाणिज्य दूतावास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे व्हिसाची रांग येते. शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सुभेदाराला मिठाबद्दल लिहिलेलं पत्र मला या संदर्भात नेहमी आठवतं. बारदेशातलं, म्हणजे पोर्तुगीज मुलखातलं मीठ स्वस्त पडतं, त्यामुळे आपल्या मुलखातल्या मिठाचा धंदा बुडेल, म्हणून त्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्या पत्राचा आशय. मीठ कुठलं, भाव काय, कोणाचं पोट त्यावर, हे सगळं माहीत असलेल्या राज्यकर्त्याचं ते पत्र आहे. व्यापारनीती अशीच तपशिलातून सुरू होते.

आता चपलेकडे परत येतो, कारण सगळा प्रश्न तिच्यात एकत्र दिसतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क, मिळालं. आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्या, वर्णनात नुसतं 'लेदर सँडल' लिहिलेलं. इथं संताप झाला. महाराष्ट्र चेंबर या उद्योजकांच्या संघटनेनं पत्र लिहिलं, कंपनीनं प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं, तिची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती फेटाळली गेली. शेवटी डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड इथंच बनवून घ्यायचे, जोडाची किंमत साधारण ८०० युरो.

या करारावर सह्या झाल्या मुंबईतल्या इटलीच्या वाणिज्य दूतावासात. बातम्यांमध्ये हा तपशील शेवटच्या ओळीत होता. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एका खाजगी कंपनीची अब्रू अडचणीत आली तेव्हा तिच्या देशाचा वाणिज्यदूत उभा राहिला, जागा दिली, दोन्ही बाजूंना बसवलं आणि नाचक्कीचा प्रसंग धंद्याच्या करारात बदलला. इटलीच्या या कामाबद्दल मला आदरच आहे. कारागिरांना काम मिळालं, नाव मिळालं. पण आपला वाणिज्यदूत मिलानमध्ये त्या शोच्या आधी कुठं होता, हा प्रश्न मनातून जात नाही. मी कुणा व्यक्तीवर ठपका ठेवत नाही. कोल्हापुरी चप्पल युरोपच्या बाजारात कोण कोण विकतं, कुठल्या नावानं विकतं, यावर लक्ष ठेवणं हे त्याचं ठरलेलं काम असल्याचं आपल्या व्यवस्थेत कुठंच लिहिलेलं नाही.

भौगोलिक मानांकन म्हणजे जगभर चालणारा हक्क, असा आपल्याकडे पक्का समज आहे. प्रत्यक्षात आपला १९९९ चा कायदा भारताच्या हद्दीत चालतो. हद्दीबाहेर काय चालतं ते जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात ठरलं आहे आणि तिथं दोन पंगती आहेत. कलम २३ ची पंगत वाइन आणि मद्याची. 'शॅम्पेन पद्धतीची' असंसुद्धा दुसऱ्या कुणी लिहायचं नाही, ग्राहक फसो वा न फसो. कलम २२ ची पंगत बाकी सगळ्या जगाची. दार्जिलिंगचा चहा असो की कोल्हापूरचं पायताण, ग्राहकाची दिशाभूल किंवा अनुचित स्पर्धा होते हे सिद्ध केलं तरच संरक्षण. हा करार ज्या उरुग्वे फेरीत ठरला तिच्या वाटाघाटी १९८६ ला सुरू झाल्या, १९९४ ला संपल्या. आठ वर्षं युरोपातले वाटाघाटी करणारे आपल्या द्राक्षमळ्यांची नावं तोंडपाठ घेऊन बसले होते, म्हणून दारूला वरची पंगत मिळाली. पुढच्या, दोहा फेरीच्या वाटाघाटीत आपण आणि इतर काही देशांनी हे संरक्षण सगळ्या वस्तूंना द्या अशी मागणी लावून धरली. ती आजही तशीच पडून आहे. मामांच्या प्रश्नाचं एक उत्तर इथं आहे: चपलेचं नाव घेणारा माणूस त्या आठ वर्षांत त्या खोलीत नव्हता.

बरं, वाट अगदीच बंद आहे असंही नाही. चहा मंडळानं चिकाटीनं पाठपुरावा केला आणि २०११ मध्ये दार्जिलिंग चहा युरोपीय संघात संरक्षित नाव म्हणून नोंदला गेला. तेव्हा ही सोय शेतमालाला आणि खाद्यपदार्थांना होती, हस्तकलेला नव्हती. युरोपनं २०२३ मध्ये हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंसाठी वेगळा कायदा केला आणि १ डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. आता युरोपबाहेरच्या उत्पादकांनाही त्यांच्या वस्तूचं नाव तिथं नोंदवण्यासाठी अर्ज करता येतो. म्हणजे ज्या डिसेंबरात आपण दोन हजार जोडांच्या कराराच्या बातम्या वाचत होतो, त्याच डिसेंबरात 'कोल्हापुरी' हे नाव युरोपभर राखून ठेवण्याचा दरवाजा उघडला होता. त्या दिवसांत कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये, म्हणजे चपलांच्या बाजारात, उद्योजकांच्या बैठकांत, राजकीय भाषणांत मी ही गोष्ट एकदाही ऐकली नाही. ब्रुसेल्समध्ये बसलेल्या आपल्या माणसाला ती माहीत असणारच. ब्रुसेल्समधल्या खुर्चीपासून सुभाषनगरच्या शेडपर्यंत येणारी वाट मात्र नाही.

ही वाट नसली की काय होतं, हे मी तीस वर्षं पाहिलं. शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी निर्यातीची कागदपत्रं बघायचो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. भट्टीजवळ कधी गेलो नाही म्हटलं तरी चालेल, पण माल कुठं अडतो हे मला भट्टीवाल्यापेक्षा जास्त कळत असे. एकदा आमचा कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, कंटेनर उत्तर युरोपातल्या एका बंदरात अडकला. कास्टिंग निर्दोष होतं. अडचण होती खालच्या लाकडी पॅलेटची. परदेशी जाणाऱ्या लाकडाच्या गाभ्याला ५६ अंश उष्णता सलग ३० मिनिटं द्यावी लागते, कीड जाऊ नये म्हणून, आणि तसा गव्हाच्या ओंबीचा शिक्का लाकडावर मारावा लागतो. आमच्या पॅलेट पुरवणाऱ्यानं शिक्का मारला होता, पण दोन पॅलेटवर तो पावसानं इतका पुसट झाला होता की ओंबी कुठली आणि अक्षर कुठलं ते कळत नव्हतं. दिवसाचं भाडं चढत होतं. बायरनं हात वर केले.

तेव्हा आपल्या वकिलातीत वाणिज्य विभागात एक अधिकारी होते. मी आयुष्यात पहिल्यांदाच वकिलातीला फोन केला, घाबरत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "उष्णतेच्या प्रक्रियेचं प्रमाणपत्र आणि त्यावरचा लॉट नंबर आहे का? पॅलेटवर तोच नंबर वाचता येतोय का?" मी थक्क झालो. परराष्ट्र खात्यातल्या माणसाला पॅलेटचा लॉट नंबर माहीत! चार दिवसांत तिथल्या वनस्पती तपासणी खात्यानं फेरतपासणी केली, दोन पॅलेट बदलून माल सुटला. नंतर त्यांनी मला एक कागद पाठवला, त्या बंदरात भारतीय मालाच्या बाबतीत वारंवार होणाऱ्या चुकांचा. तो कागद आमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये काचेखाली लावला होता. त्यानंतर आमचा एकही कंटेनर पॅलेटपायी अडला नाही.

दोनेक वर्षांनी पुन्हा फोन करायची वेळ आली. या वेळी बायरनं एक तक्ता पाठवला होता: एक टन कास्टिंगमागं किती कार्बन सोडता, वीज किती, भंगार कुठलं, सगळं भरून द्या. युरोपचा सीमेवरचा कार्बन कर तेव्हा येऊ घातला होता. ऑक्टोबर २०२३ पासून आधी नुसता हिशोब देणं आणि १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, लोखंड, ॲल्युमिनियम अशा मालावर प्रत्यक्ष भार. आमचं कास्टिंग त्यात बसतं की नाही हे बायरलाही नीट माहीत नव्हतं, तरी तो आधीच सावध झाला होता. पहिले अधिकारी बदलून दुसऱ्या खंडात गेले होते. नवे साहेब सौजन्यानं बोलले, पण त्यांच्यासाठी सगळंच नवं होतं. पोर्टलवर माहिती आहे, म्हणाले. त्यांची चूक नव्हती. आधीच्या माणसानं तीन वर्षांत कमावलेलं ज्ञान त्याच्याबरोबर विमानात बसून गेलं होतं. मागं फाइल राहिली असेल, पण कुठल्या बंदरात कुणाला फोन लावायचा हे फाइलीत लिहिलेलं नसतं.

हा माझ्या एकट्याचा अनुभव असता तर मी लेख लिहिला नसता. आपली रचनाच अशी आहे. परराष्ट्र सेवेत अधिकारी हजारभर, आणि त्यांना सांभाळायचं सगळं जग. वकिलातीतली वाणिज्याची खुर्ची त्या सेवेतल्या माणसाला मिळते ती एक मुक्काम म्हणून. पुढच्या बदलीत तो राजकीय विभागात असेल नाहीतर पासपोर्टच्या कामात. मुक्त व्यापार करारांच्या वाटाघाटी करतं वाणिज्य मंत्रालय, तिथं बरेचसे प्रशासकीय सेवेतले अधिकारी, तेही बदलीवर. तिसरीकडे भारतीय व्यापार सेवा आहे, तिचं बहुतेक आयुष्य परवाने आणि योजनांच्या कचेऱ्यांत जातं. तिन्ही ठिकाणी हुशार माणसं आहेत, यात मला शंका नाही. पण बाजार शोधणारा, वाटाघाटी करणारा आणि देशातल्या उत्पादकाला ओळखणारा हे तिघे एकाच माणसात, एकाच नोकरीत कधी भेटत नाहीत. जपाननं १९५८ मध्ये जेट्रो आणि कोरियानं १९६२ मध्ये कोट्रा ही निर्यात वाढवणारी सरकारी संस्था काढली ती नेमकी ही दरी भरायला. कोरिया तेव्हा गरीब देश होता. निर्यातीचा बाजार शोधणं हेच ज्यांचं करिअर, अशी माणसं त्यांनी साठ वर्षं तयार केली. आपण निर्यात परिषदा काढल्या, इंजिनिअरिंगची १९५५ ला, चामड्याची १९८४ ला, आणि त्यांनी कामही केलं आहे. पण परिषदेचा माणूस जत्रेत स्टॉल लावू शकतो, सरकारच्या वतीनं समोरच्या सरकारशी बोलू शकत नाही.

व्यापाराच्या वकिलाचं काम माल खपवण्यापुरतं नसतं. आपल्या जिल्ह्याला हे उसानं शिकवलं आहे. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. तक्रारीत आपली एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, होती! जिच्यासाठी इथं दर हंगामाला रस्ता अडतो, ऊस परिषदा होतात, ती एफआरपी जिनेव्हात आरोपी म्हणून उभी होती. भारताचं म्हणणं असं की हा दर सरकार देत नाही, कारखाना देतो, मग ते सरकारी अनुदान कसं? करवीर नाहीतर शिरोळ तालुक्यातला कुठलाही शेतकरी हे शपथेवर सांगेल, बिल कारखान्याकडून यायला किती महिने लागतात तेही सांगेल. पण १४ डिसेंबर २०२१ ला आलेल्या निकालात पॅनेलनं हे म्हणणं नाकारलं. दर सरकार ठरवतं एवढं त्यांना पुरेसं होतं. पाच हंगामांत उसाला दिलेला आधार एकूण उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला, असा ठपका आला. भारतानं अपील केलं. अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासून न्यायाधीशांअभावी बंद आहे, त्यामुळे निकाल तसाच टांगला आहे. आपण वाचलो म्हणायचं तर वाचलो. ते मंडळ उद्या पुन्हा उभं राहिलं तर हंगामाच्या मध्येच हा विषय आपल्या बांधावर येईल. त्या दिवशी जिनेव्हात बसणाऱ्या माणसाला साखर उताऱ्याचा हिशोब, तोडणी-वाहतूक आणि थकलेली बिलं पुस्तकातून माहीत असून भागेल का?

नकार देणं हाही या कामाचा तेवढाच मोठा भाग आहे. ४ नोव्हेंबर २०१९ ला भारत आरसेप या आशिया-पॅसिफिकमधल्या देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडला. त्यामागं जी कारणं होती त्यात न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या दूध पावडरची धास्ती होती. कोल्हापुरात 'गोकुळ' दूध संघ १९६३ पासून आहे आणि दोन म्हशींच्या दुधाच्या बिलावर ज्या घरांचा महिना चालतो ती घरं गावोगाव आहेत. पुढं ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला करारावर सह्या झाल्या, त्यात दूध बाहेर ठेवलं गेलं. न्यूझीलंडशी डिसेंबर २०२५ मध्ये बोलणी संपली, तिथंही बाहेर. वाटाघाटीत एक गोष्ट धरून ठेवायची तर दुसरी सोडावी लागते आणि काय सोडलं तर कुठल्या तालुक्यात काय होईल हे ठाऊक असल्याशिवाय हे जमत नाही. ज्यांनी हे केलं त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यांचे आभार मानायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

उद्योगातले माझे जुने सहकारी या सगळ्यावर एक आक्षेप घेतात आणि तो हलका नाही. ते म्हणतात, माल चांगला असेल आणि भाव बरोबर असेल तर बायर स्वतः शिरोलीत येतो, वकील कशाला? आपली चूक आपण सरकारवर ढकलू नये. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात नाकारली गेली ती क्लोरमेक्वाट या फवारणीच्या औषधाच्या अंशामुळे. वकिलाने काय करायचं होतं? हे खरं आहे. औषधाचा अंश बागेतच कमी करावा लागतो. पण तो अंश आता तिकडं तपासला जातो आहे, ही खबर फवारणीच्या आधी बागेत पोचायला हवी होती. ती कंटेनर निघाल्यावर पोचली. आणि आंब्याचं उदाहरण घ्या. हापूस तेव्हाही उत्तम होता, भावही होता, तरी अमेरिकेचा दरवाजा १८ वर्षं बंद राहिला. २००६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या भेटीत तो विषय वर आला, किडीसाठी फळांवर विकिरणाची प्रक्रिया मान्य झाली, लासलगावच्या केंद्रावर तिकडचे निरीक्षक येऊन बसले आणि २००७ च्या हंगामात पेट्या गेल्या. गुणवत्तेनं दार ठोठावता येतं, कडी आतून कुणीतरी काढावी लागते.

दुसरा आक्षेप नवा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावरचं शुल्क महिनाभरात ५० टक्क्यांवर नेलं. एका माणसाच्या मर्जीवर जग चालत असेल तर मुत्सद्दी काय करणार? माझं उत्तर असं, की अशा वेळीच दुसरे बाजार कामी येतात आणि ते आदल्या रात्री तयार होत नाहीत. युरोपीय संघाशी बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला थांबली, २०२२ ला पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झाल्याची घोषणा झाली. १९ वर्षं! या काळात इचलकरंजीत एक पिढी मागावरून निवृत्त झाली. बांगलादेशचे कपडे अतिअविकसित देश म्हणून युरोपात बिनशुल्क जात होते आणि आपल्या कपड्याला शुल्क होतं. हा फरक नुसता आकडा नाही, बंद पडलेले माग आहेत.

आणि करार झाला म्हणजे काम संपत नाही. ब्रिटनच्या करारात पादत्राणांवरचं १६ टक्क्यांपर्यंतचं आणि कपड्यांवरचं १२ टक्क्यांपर्यंतचं शुल्क शून्यावर यायचं आहे. शून्याचा लाभ घ्यायला माल भारतातच बनल्याचं त्या कराराच्या नियमांप्रमाणे दाखवावं लागतं. चामडं कुठलं, बक्कल कुठलं, किती टक्के मूल्य इथं जोडलं. माझ्या अनुभवानं सांगतो, लहान निर्यातदार हे कागद बघून घाबरतो आणि शुल्क भरून मोकळा होतो. दिल्लीत मिळवलेली सवलत कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात वाया जाते.

म्हणून मला तीन गोष्टी मागाव्याशा वाटतात आणि त्यातल्या पहिलीवर माझा सगळा भर आहे. वाणिज्याची वेगळी शाखा करा. परराष्ट्र, व्यापार सेवा, वाटाघाटी यांतून ज्यांना हे काम आवडतं त्यांना निवडा आणि पंधरा-वीस वर्षं त्यातच राहू द्या. बदली करा, पण एका बाजारातून दुसऱ्या बाजारात, वाणिज्य सोडून नव्हे. परदेशी रुजू होण्यापूर्वी त्यांना सहा महिने जिल्ह्यात पाठवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा निर्यात प्रोत्साहन समिती कागदावर आहेच, तिथं त्यांना बसवा. पहाटे शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघू दे, दुपारी कागलच्या पंचतारांकित वसाहतीत मशीन शॉप बघू दे, संध्याकाळी अथणी-निपाणीकडच्या घरांत जाऊन बायका चपलेच्या वेण्या कशा घालतात ते बघू दे. मग पाठवा मिलानला. दुसरी गोष्ट, नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं निर्यातीसाठी २५,०६० कोटींचं अभियान मंजूर केलं, त्यातला थोडा वाटा जिल्ह्याच्या ठिकाणी पगारी, कायम माणूस ठेवायला वापरा. वेबसाइट पुष्कळ झाल्या.

तिसरी मागणी आपली आपल्याकडंच आहे. आपण काय केलं? मानांकन दोन राज्यांचं आहे तरी 'खरी' चप्पल कुणाची यावर आपण अजून भांडतो. साखर मिसळलेला गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो याची ओरड वर्षानुवर्षं आहे, आणि २०१४ मध्ये गुळाला मानांकन मिळूनही ती थांबलेली नाही. वकील कितीही चांगला असला तरी अशिलानं कागद दिले नाहीत तर तो काय मांडणार? युरोपातल्या नोंदणीला चपलेचं नेमकं वर्णन लागेल. कातडं कुठलं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात किती दिवस कमावलं, कुठला टाका हाताचा. हे लिहून काढायला दोन्ही राज्यांचे कारागीर एका सतरंजीवर बसावे लागतील. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली, तीही चार वर्षांपूर्वी आलेल्या रेल्वेच्या अंगाला, गुळाला बाहेरची बाजारपेठ मिळावी म्हणून. आधी रूळ, मग पेठ. त्या क्रमात मोठं शहाणपण होतं.

आपल्याकडं माणसं नाहीत असं तर मुळीच नाही. शिरोळ तालुक्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये परराष्ट्र सेवेत गेले, जपानपासून सुरुवात केली आणि पुढे न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत झाले. त्यांच्यामुळे इथल्या मुलांना ती सेवा आपली वाटू लागली. पण स्पर्धा परीक्षेच्या वर्गात मी जातो तेव्हा मुलं कलेक्टर, एसपी म्हणतात. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच इचलकरंजीच्या एका मुलीनं विचारलं, तिच्या वडिलांचे आठ माग आहेत, की "सर, सुताचा आणि कापडाचा करार करायला जे बसतात, त्यांच्यात जायचं असेल तर कुठली परीक्षा द्यायची?" मी तिला परराष्ट्र सेवा, व्यापार सेवा, दिल्लीची विदेश व्यापार संस्था असं सगळं सांगितलं. ती वहीत लिहून घेत होती. मग तिनं विचारलं, या तिन्हींतून गेलं तर शेवटपर्यंत त्याच कामात राहता येतं का. मला 'नाही' म्हणावं लागलं.